आंबा घाटाचा उतार

१३ जुलै १६६० ची पावनखिंड सर्वांना ठाऊक आहे. त्याच शाहूवाडी मुलखातून कोकणात उतरणाऱ्या मोटारींचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

कोल्हापूर–रत्नागिरी मार्ग मलकापूर ओलांडून आंब्याला सह्याद्रीचा माथा गाठतो व साखरप्याकडे उतरतो. चढावर कस लागतो इंजिनाचा. जीव टांगणीला लागतो तो उतारावर. सतत दाबलेला ब्रेक घर्षणाने तापतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून जुन्या चालकांचा दंडक असा, की ज्या गिअरात घाट चढावा, त्याच गिअरात उतरावा. वेग इंजिनाने रोखावा, ब्रेक वळणासाठी राखावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे, ही काटकसर जिवावर बेतणारी.

ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१४ च्या मोटार कायद्याचा रोख नोंदणी व चालकाच्या परवान्यावर होता. १९३९ च्या कायद्याने प्रवासी व मालवाहू गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचे केले; चालकाइतकीच गाडीची प्रकृतीही कायद्याच्या नजरेत आली. शाहूवाडी तेव्हा कोल्हापूर संस्थानात होती. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे मलकापुरात आगार आले. घाटातली सुरक्षितता अशा आगारातच ठरते: ब्रेक, टायर, स्टिअरिंग.

१९८९ च्या नियमांनी घाटातील शिष्टाचारही लेखी केला. अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण भरलेली गाडी ऐन चढावर थांबली, की पुन्हा उचलताना मागे घसरते.