खाडीची वाट, लोखंडाची वाट
(ठाणे व कल्याण यांच्या दळणवळणाचा इतिहास)

शहरांचा इतिहास सांगताना आपण राजे, किल्ले आणि लढाया यांची नावे घेतो. माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी कशी जात होती, हे सांगायचे मात्र राहून जाते. वास्तविक ठाणे आणि कल्याण या शेजारी शहरांचे भाग्य वाटेनेच घडविले आहे, आणि त्या वाटेशी आपल्या समाजाचा संबंध फार जुना आहे.

पहिली वाट पाण्याची. उल्हास नदी कल्याणवरून ठाण्याकडे येते. ठाण्याच्या उत्तरेस तिच्या पाण्याला दोन वाटा फुटतात. एक वसईच्या खाडीने समुद्राला मिळते, तर दुसरी ठाण्याच्या खाडीने मुंबई बंदराकडे जाते. कल्याण समुद्रापासून आत असूनही बंदर झाले, ते या खाडीमुळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. अकराव्या शतकात अल्‌बेरूनीने ठाणे ही कोकणची राजधानी असल्याचे लिहून ठेवले. मोगल अमदानीत कल्याणला इस्लामाबाद म्हणत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. त्यांच्या आरमारात दौलतखान हे मोठ्या अधिकाराचे सरदार होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

खाडीचा प्रवास भरती-ओहोटीच्या तंत्राने चाले. ओहोटी लागली की मचवे कल्याणहून ठाण्याकडे सुटत आणि भरतीबरोबर परत येत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून कल्याणच्या बंदरात उतरे व तेथून पडावात भरून मुंबईस जाई. नाखुदा, तांडेल आणि खलाशी यांत कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. वारा कोणता, गाळ कोठे, पाणी किती, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येई. हीच त्यांची शाळा होती.

दुसरी वाट लोखंडाची. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे पाहुणे आणि ३४ किलोमीटरचे अंतर. ही रेल्वे उभारणाऱ्या जी. आय. पी. कंपनीच्या कारभारात जगन्नाथ शंकरशेट व सर जमशेटजी जीजीभॉय यांचा सहभाग होता. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, गाडी कल्याणला पोहोचली. ठाणे-कल्याण हे अंतर सुमारे वीस किलोमीटरच. पण मध्ये खाडी आणि पारसिकचा डोंगर. खाडीवर पूल बांधावे लागले, डोंगर फोडावा लागला. १९१६ मध्ये सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा पारसिक बोगदा खुला झाला.

भोरघाट व थळघाटातून रेल्वे वर चढली, तेव्हा घाटावरचा माल कल्याणला उतरविण्याचे कारणच उरले नाही. गाडी भरतीची वाट पाहत नाही. त्यातच खाडीत गाळ साचत गेला. बंदरे ओस पडली. काही ठिकाणी ‘रेतीबंदर’ एवढे नाव मागे राहिले. ज्यांचे सारे ज्ञान पाण्याचे होते त्यांचा व्यवसाय गेला. ज्यांनी लेखणी हाती धरली होती त्यांना त्याच रेल्वेने मुंबईच्या कचेऱ्यांत नेले. १९२० नंतरच्या दशकात विजेच्या गाड्या आल्या. पुढे डोंबिवलीसारखे लहान गाव नोकरदारांचे शहर झाले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यास येऊन राहिली, तीही याच लोहमार्गाच्या आधाराने.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. वाट बदलते तेव्हा जो समाज नव्या वाटेवर पाऊल टाकतो, तो टिकतो. आजची वाट शिक्षणाची आहे आणि ती लोकलच्या डब्यातून जाते. पण ती सोपी नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारांत उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे प्राण गेले. अशी बातमी आली की पालकांच्या काळजाचा ठोका चुकतो आणि पहिली गदा मुलीच्या कॉलेजवर येते. “दहावी झाली, पुरे,” हे वाक्य आम्ही शिक्षक दरवर्षी ऐकतो.

पालकांची भीती खोटी नाही. पण भीतीवर उपाय घरी बसविणे हा नव्हे. मुलींनी चार-पाच जणींच्या गटाने जावे, दारात उभे राहू नये, धावती गाडी पकडू नये. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा पास मिळतो. त्याचे कागद शाळा-कॉलेजातून वेळेवर करून घ्यावेत. जादा गाड्या आणि सुरक्षित फलाट यांसाठी समाजाने इतर प्रवाशांच्या बरोबरीने मागणी करावी. ठाणे-कल्याणच्या खाडीलाही २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाला आहे. उद्या या पाण्यावर पुन्हा प्रवासी बोटी चालल्या, तर त्या चालविणारे अभियंते आणि कप्तान आपल्या मुलामुलींतून का होऊ नयेत?

हदीस गोळा करण्यासाठी इमाम बुखारी बुखाऱ्याहून हिजाजपर्यंत गेले. इल्मसाठी प्रवास करणे ही आपली जुनी रीत आहे. आपल्या मुलांना तर मुंब्र्याहून ठाण्याला किंवा कल्याणला जायचे आहे. ती वाट त्यांच्यासाठी मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे.