संघ मालकाचा, वारसा विनिपेगचा

कॅनडाच्या जवळपास मध्यावर, मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग हे सुमारे साडेसात लाख वस्तीचे शहर आहे. हिवाळ्यात इथे पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि आइस हॉकी हा इथला जीव की प्राण असलेला खेळ. या शहराचा ‘जेट्स’ हा व्यावसायिक संघ १९७२ साली पहिला सामना खेळला, १९९६ साली विकला जाऊन अमेरिकेत गेला आणि पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच एका शहराचा संघ विकत घेतला गेल्यावर, त्याच नावाने पुन्हा उभा राहिला. गावचा संघ खरोखर कोणाचा असतो, या प्रश्नाला विनिपेगइतका चांगला पुरावा क्वचितच मिळेल. कागदोपत्री उत्तर सरळ आहे. संघ मालकाचा; तोच खेळाडूंशी करार करतो, तोच तोटा सोसतो आणि मनात येईल तेव्हा तोच विकतो. माझे म्हणणे असे, की हे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर अपुरे पडते. संघाचे नाव, त्याची पत आणि त्याचे आयुष्य यांतला मोठा वाटा गावाने घातलेला असतो. म्हणून संघ हलवायचा की नाही, या निर्णयात गावाला हक्काची जागा असली पाहिजे.

विनिपेगचे हॉकीवेड जेट्सच्या पुष्कळ आधीचे आहे. १८९६ च्या फेब्रुवारीत विनिपेग व्हिक्टोरियाज या हौशी संघाने माँट्रियलला जाऊन स्टॅनले कप जिंकला. पूर्वेच्या मोठ्या शहरांच्या हातून हा करंडक पहिल्यांदाच पश्चिमेकडे गेला होता. पुढे १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले ते विनिपेग फाल्कन्सने. या संघातले बहुतेक खेळाडू आइसलँडहून आलेल्या स्थलांतरित घरांतले होते. गावातल्या इतर संघांनी सुरुवातीला त्यांना आपल्यात सामावूनही घेतले नव्हते. म्हणजे १९७२ मध्ये बेन हॅटस्किन या स्थानिक व्यावसायिकाने जेट्स संघ नव्या वर्ल्ड हॉकी असोसिएशनमध्ये उतरवला, तेव्हा त्याने प्रेक्षक शून्यातून निर्माण केला नाही. पाऊणशे वर्षे मशागत झालेली जमीन त्याला आयती मिळाली होती.

हॅटस्किनचे धाडस मात्र नाकारता येत नाही. २७ जून १९७२ रोजी शहराच्या भर मध्यातला पोर्टेज आणि मेन हा चौक वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आणि हजारोंच्या गर्दीसमोर बॉबी हलने जेट्सबरोबर करार केला. हल हा त्या वेळचा सर्वांत नावाजलेला गोल करणारा, शिकागोचा हुकमी एक्का. त्याच्या हाती दहा लाख डॉलरचा फलकाएवढा मोठा चेक देण्यात आला. हॉकीच्या जगात एवढी रक्कम तोवर कोणी ऐकली नव्हती. नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची, खेळाडूंच्या पगारावरची पकड त्या दिवशी सैल झाली. दोन वर्षांनी जेट्सने स्वीडनहून अँडर्स हेडबर्ग, उल्फ निल्सन आणि लार्स-एरिक शोबर्ग यांना आणले. युरोपियन खेळाडू मवाळ असतात, धक्काबुक्की त्यांना झेपत नाही, असा समज तेव्हा पक्का होता. विनिपेगच्या बर्फावर तो खोटा ठरला. वेगवान पास, सतत जागा बदलणारे आक्रमण अशी आज सर्वत्र दिसणारी शैली उत्तर अमेरिकेने आधी इथे पाहिली. १९७६, १९७८ आणि १९७९ अशी तीन वर्षे जेट्स आपल्या लीगचे विजेते होते आणि जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी सोव्हिएत राष्ट्रीय संघालाही ५-३ असे हरवले.

१९७९ साली दोन लीगच्या विलीनीकरणाची वेळ आली, तेव्हा काय घडले हे माझ्या मुद्द्यासाठी कळीचे आहे. विनिपेग, एडमंटन, क्यूबेक आणि हार्टफर्ड या चार संघांना आत घेण्याचा प्रस्ताव एनएचएलच्या मालकांपुढे पहिल्यांदा आला आणि एका मताने पडला. विरोधात मत देणाऱ्यांत माँट्रियलचा संघ होता आणि तो होता मोल्सन या बिअर कंपनीच्या मालकीचा. त्यावर विनिपेग, एडमंटन आणि क्यूबेकमधल्या चाहत्यांनी मोल्सनची बिअर पिणेच सोडले. काही आठवड्यांत पुन्हा मतदान झाले, माँट्रियलने मत फिरवले आणि प्रस्ताव मंजूर झाला. एकटा बहिष्कारच कारणीभूत होता असे मी म्हणणार नाही. वाटाघाटींत पैशाचे इतर हिशेबही होते. पण मालकांच्या बंद खोलीत जे दार उघडत नव्हते, ते उघडायला बाहेरच्या माणसांनी हात लावला, एवढे तरी मान्य करावे लागेल. जेट्सचा एनएचएलमधला जन्मच चाहत्यांच्या रेट्यात झालेला आहे.

त्या प्रवेशाची किंमत भारी होती. विलीनीकरणाच्या अटींनुसार जुन्या लीगच्या संघांना आपले बरेच चांगले खेळाडू एनएचएलच्या संघांना परत द्यावे लागले. १९८०-८१ च्या हंगामात ८० सामन्यांपैकी जेट्सने फक्त ९ जिंकले. सलग तीस सामने विजयाविना गेले. डेल हावरचक हा अठरा वर्षांचा मुलगा आला आणि पहिल्याच हंगामात त्याने १०३ गुण मिळवून संघाला उभे केले. तरीही संपूर्ण एनएचएल कारकिर्दीत त्या जेट्सने बाद फेरीच्या केवळ दोन मालिका जिंकल्या, त्याही कॅल्गरीविरुद्ध. वेन ग्रेट्स्कीचा एडमंटन संघ त्यांच्याच विभागात होता आणि १९८३ ते १९९० या काळात त्याने त्यांना सहा वेळा घरी पाठवले. अशा काळात, १९८७ साली, कॅल्गरीच्या चाहत्यांच्या लाल पोशाखाला उत्तर म्हणून विनिपेगचे प्रेक्षक आपादमस्तक पांढऱ्या कपड्यांत सामन्याला आले. ‘व्हाइट आउट’ची ही प्रथा आज संपूर्ण लीगमध्ये ओळखली जाते. ती कोणा मालकाची मिरास नाही. पराभवांच्या मालिकेतही ती बहरली, यावरून गावची निष्ठा आणि विजयांची यादी यांचा संबंध किती पातळ आहे ते दिसते.

मग संघ गेला कशामुळे? प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणून नव्हे. नव्वदच्या दशकात खेळाडूंचे पगार झपाट्याने वाढले आणि ते अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागत. तिकिटांचे उत्पन्न मात्र कॅनेडियन डॉलरमध्ये येई, आणि त्या डॉलरची किंमत तेव्हा सत्तर ते पंचाहत्तर अमेरिकन सेंटच्या दरम्यान घुटमळत होती. पगारावर लीगने कमाल मर्यादा घातलेली नव्हती, त्यामुळे न्यूयॉर्क किंवा डेट्रॉइट जे मोजतील ते विनिपेगलाही मोजावे लागे. १९५५ साली बांधलेले जुने अरीना नव्या काळाला पुरेसे उत्पन्न देत नव्हते. प्रांत आणि शहर सरकारने काही वर्षे तोटा भरून दिला, पण नव्या अरीनाचे गणित जुळले नाही. मे १९९५ मध्ये द फोर्क्स या नदीसंगमावर सुमारे ३५ हजार लोक जमले. संघ वाचवण्यासाठी वर्गणी सुरू झाली आणि लहान मुलांनी आपल्या पैशांच्या पेट्या आणून रिकाम्या केल्या. त्या धडपडीने एक हंगाम वाढवून मिळाला. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध ४-१ असा पराभव होऊन जेट्सचा शेवटचा सामना संपला आणि संघ फिनिक्सच्या वाळवंटात गेला.

इथे पहिला आक्षेप येतो: हा धंदा आहे, तोट्यात चालणारी गोष्ट कोणी का चालवावी? प्रश्न रास्त आहे. पण पुढची पंधरा वर्षे पाहिली की धंद्याच्या कसोटीवरही तो स्थलांतराचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. विनिपेगपेक्षा कितीतरी मोठी बाजारपेठ म्हणून निवडलेल्या फिनिक्समधला संघ २००९ साली दिवाळखोरीत गेला आणि खुद्द लीगला तो चालवायला घ्यावा लागला. पुढे तो दोन हंगाम विद्यापीठाच्या पाच हजारांहूनही कमी आसनांच्या सभागृहात खेळला आणि २०२४ साली त्याला सॉल्ट लेक सिटीला हलवावे लागले. इकडे विनिपेगमध्ये मार्क चिपमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून मॅनिटोबा मूस हा दुय्यम दर्जाचा संघ चालवला. ईटन्स या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेवर २००४ मध्ये नवे अरीना उभे राहिले. २००५ मध्ये लीगने पगाराला कमाल मर्यादा आणली. कॅनेडियन डॉलर वधारून २०११ पर्यंत अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला. ज्या तीन कारणांनी संघ गेला होता ती तिन्ही दूर झाली. चौथी गोष्ट, म्हणजे लोक, मुळात कधी गेलीच नव्हती. ३१ मे २०११ रोजी संघ येत असल्याची घोषणा झाली आणि १३ हजार सीझन तिकिटांचे उद्दिष्ट ठरले. पहिला हप्ता मूसच्या जुन्या तिकीटधारकांनी उचलला; उरलेली तिकिटे सर्वांसाठी खुली झाल्यावर सतरा मिनिटांत संपली. ही तिकिटे एका हंगामाची नव्हती; घेणाऱ्याने तीन ते पाच वर्षांसाठी शब्द दिलेला होता.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला अधिक जड वाटतो. विनिपेगला परत मिळालेला संघ फिनिक्सचा नव्हता, ॲटलांटाचा होता. थ्रॅशर्स नावाचा तो संघ १९९९ पासून तिथे खेळत होता. संघ नेल्याचे दुःख सांगणाऱ्या गावाने दुसऱ्या गावचा संघ उचलावा, यात दुटप्पीपणा नाही का? आहे, आणि तो झाकू नये. ॲटलांटातही दर सामन्याला येणारी, मुलांना घेऊन येणारी, हरणाऱ्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसे होती. त्यांचे मालक आपसांतच कोर्टात भांडत बसले आणि अकरा हंगामांत संघ एकदाच बाद फेरीत पोहोचला. त्या शहराने हॉकी नाकारली असे म्हणण्याआधी त्याला नीट संघ मिळाला होता का, हे विचारायला हवे. माझा मुद्दा यामुळे कमकुवत होत नाही. विनिपेगसाठी मागितलेला हक्क ॲटलांटालाही लागू केला पाहिजे, एवढेच यातून निघते. आजच्या पद्धतीत एका गावाचा आनंद दुसऱ्याच्या नुकसानीवरच उभा राहतो, आणि हा दोष चाहत्यांचा नाही, नियमांचा आहे.

तिसरा आक्षेप ताजा आहे. २०२४ च्या सुरुवातीला सीझन तिकिटांचा आकडा सुमारे साडेनऊ हजारांपर्यंत घसरला आणि अशी स्थिती फार काळ परवडणार नाही, असे संघाचे सहमालक असलेल्या चिपमन यांनी उघड सांगितले. म्हणजे निष्ठा आटली का? करोनाने गर्दीची सवय मोडली होती, महागाई वाढली होती, आणि विनिपेगमध्ये टोरांटोसारख्या मोठ्या कंपन्यांची रांग नाही. इथे तिकिटे मुख्यतः कुटुंबे आणि छोटे व्यावसायिक आपल्या खिशातून घेतात. एका हंगामात चाळीसच्या वर घरचे सामने असतात. एवढ्यांची तिकिटे घेणे मध्यमवर्गीय घराला जड जाते, आणि म्हणूनच अनेकांनी पूर्ण तिकिटाऐवजी मोजके सामने निवडले. निष्ठेचा अर्थ मालकाने मागितलेली कोणतीही किंमत निमूटपणे मोजणे असा होत नाही. तिकीट न घेणे हेही ग्राहकाचे मत आहे, जसे १९७९ साली बिअर न पिणे हे मत होते. त्याच वेळी चाहत्यांच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे: संघात वाटा मागणाऱ्या गावाने रिकाम्या खुर्च्यांची जबाबदारीही घेतली पाहिजे. नुसती भावना खेळाडूंचे पगार भागवत नाही. २०२४-२५ च्या हंगामात जेट्सने लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवून प्रेसिडेंट्स ट्रॉफी जिंकली आणि गोलरक्षक कॉनर हेलेबकला लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळाली. पण चांगला हंगाम हा कायमचा उपाय नसतो.

उपाय नियमांत आहे आणि तो अशक्य कोटीतला नाही. १९९८ साली एडमंटनचा संघ बाहेर जाण्याच्या बेतात असताना तीसहून अधिक स्थानिक गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन तो विकत घेतला आणि गावात राखला. कॅनडातल्या ज्युनियर हॉकीत कित्येक क्लब आजही गावाच्या सामाईक मालकीचे आहेत. मराठी वाचकाला तर यामागचे तत्त्व परके वाटू नये. कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याला ती विकत घेण्याचा हक्क दिला. मालकी हिसकावून फुकट दिली नाही, रास्त किंमत ठरवून दिली. संघाच्या बाबतीत मागणी याहून सौम्य आहे. संघ बाहेर विकण्याआधी मालकाने गावाला ठरावीक मुदत द्यावी, हिशेब उघडे करावेत आणि बाहेरचा ग्राहक देतो तीच किंमत देणारा स्थानिक गट उभा राहिला तर त्याला पहिला मान मिळावा. गट उभा राहिला नाही तर संघ जाऊ द्यावा. पण मग तो गावाने प्रयत्न करून गमावलेला असेल, कोणाच्या सहीने एका सकाळी नाहीसा झालेला नसेल. १९९५ साली विनिपेगच्या लोकांना वर्गणी काढण्याइतका वेळ मिळाला, पण कायद्याने दिलेला एकही हक्क त्यांच्या हातात नव्हता. तीस वर्षांनीही तो नाही. लीगच्या नियमावलीत ही एक दुरुस्ती होईपर्यंत, छोट्या शहरातला प्रत्येक व्यावसायिक संघ तिथल्या लोकांना उसना मिळालेलाच राहील.