प्लग आवळणी

प्लग आवळणी : पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये स्पार्क प्लग (परिभाषेत ठिणगी-गुडदी, कार्यशाळेत हा शब्द कोणी वापरत नाही) ठरलेल्या पिळाने बसवण्याची क्रिया. ज्वलनात तापलेल्या प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि बैठक यांतून हेडमध्ये उतरते. प्लग सैल राहिला तर ही वाट अडते, टोक लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते. प्रमाणाबाहेर आवळला तर कवच ताणले जाते व आतला निरोधक सैल पडतो किंवा तडकतो. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर आटे जातात ते बहुधा हेडचे. स्वस्त प्लगचे आटे मात्र शाबूत राहतात.

बैठक व मूल्ये : बैठक दोन प्रकारची असते, वायसरची सपाट आणि बिनवायसरची शंकूची. ॲल्युमिनियम हेड व सपाट बैठक असता १४ मिमी प्लगला सामान्यतः २५ ते ३०, १२ मिमीला १५ ते २० आणि १० मिमीला (भारतातल्या अनेक लहान मोटारसायकलींत हाच असतो) १० ते १२ न्यूटन-मीटर पीळ देतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला की जवळपास २५ न्यूटन-मीटर होतात. गाडीसोबत मिळणाऱ्या प्लग पान्याची दांडी आखूड असते. तिच्यावर पाइप चढवून जोर काढणे हेडला महागात पडते. शंकूच्या १४ मिमी प्लगला १० ते २० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क रेंच (पीळ मोजणारा पाना) नसल्यास प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवून पुढे नव्या सपाट प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा देतात. वायसर एकदा दबलेला असेल तर एक-बारांश आणि शंकूच्या प्लगला एक-सोळांश फेरा पुरे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच घ्यावा.

घर्षण : स्थूलमानाने पाहता बोल्टला दिलेल्या पिळापैकी निम्मा डोक्याखाली आणि सुमारे चार-दशांश आट्यांत घर्षणापायी खर्ची पडतो, प्रत्यक्ष ताण निर्माण करतो तो उरलेला दहावा हिस्सा. म्हणून आट्यांना तेल लागले की रेंचवरचा आकडा तोच राहून ताण मात्र पुष्कळ वाढतो. वरील मूल्ये कोरड्या आट्यांची आहेत. आटे धरू नयेत म्हणून ग्रीससारखे लेपन लावावे की नाही, याबाबत मतभेद आहेत. जस्त वा निकेलचा मुलामा दिलेल्या प्लगना लेपन नको, असे उत्पादक सांगतात. जुने मिस्त्री लावतात. लावल्यास पीळ सुमारे तीस टक्क्यांनी कमी ठेवावा.

टॉर्क रेंच : या हत्याराचे श्रेय सहसा न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यातील कॉनरॅड बार यांना देतात (१९१८). जमिनीखालच्या नळांचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जात, हे त्यामागचे निमित्त. मोटारीशी त्याचा संबंध नव्हता. आयएसओ ६७८९ या मानकानुसार १० न्यूटन-मीटरवरच्या रेंचला चार टक्के, त्याखालच्याला सहा टक्के चूक चालते. १० मिमी प्लगसाठी मोठा रेंच वापरू नये, कारण मोजपट्टीच्या तळाशी तो भरवशाचा नसतो. 'टक्' आवाज करणारा रेंच काम झाल्यावर किमान आकड्यावर आणून ठेवतात.

कृती : एंजिन गार असावे. प्लग काढण्यापूर्वी खाचेतली धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरात पडते. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून फिरवावा. आटा तिरका चढू लागला की नळी घसरते, पाना मात्र जुमानत नाही.

हेडचे बोल्ट : प्लगप्रमाणेच हेडचे बोल्टही ठरलेल्या पिळाने आवळतात, पण ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. अनेक नव्या एंजिनांत शेवटचा टप्पा पिळावर नव्हे, कोनावर मोजतात; असे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात.

दुरुस्ती : आटे गेलेले भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडतात व स्टेनलेस पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. हेलिकॉइल हे मूळचे व्यापारी नाव त्याला रूढ झाले आहे. नीट बसवलेले वेटोळे मूळच्या ॲल्युमिनियम आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते.