तळटीप : ‘राखीव वाट’

‘राखीव वाट’ या शब्दाने मूळ लेखकास असे अभिप्रेत आहे की, दोन कचेऱ्यांचे राउटर जोडणारी लीज्ड लाइन खंडित होताच, साध्या टेलिफोनवरील मोडेमने पलीकडचा क्रमांक फिरवून, अर्धा मिनिट कर्कश शिट्या घालीत का होईना, कामापुरता मार्ग खुला करावा. या मार्गाचा अंतरांक मुद्दाम मोठा, म्हणजे मुख्य मार्ग शिकवणाऱ्या ओएसपीएफ या प्रोटोकॉलच्या ११० वर ताण करून २०० वगैरे, लिहितात. लहान अंतरांकाचा मार्ग आधी निवडला जात असल्यामुळे मुख्य मार्ग हयात असेतो हा राखीव मार्ग राउटरच्या मार्ग-कोष्टकात प्रकटतच नाही. मात्र कोणत्या वाहतुकीसाठी फोन लावावा हे मुक्रर करताना राउटरांचे दर दहा सेकंदांचे ‘हॅलो’ निरोप वगळले नाहीत, तर एकदा लागलेला फोन मुख्य लाइन सुरळीत झाल्यावरही खाली ठेवला जात नाही, आणि ही गफलत बहुधा टेलिफोनचे बिल दफ्तरी दाखल झाल्यावरच उमगते. लेखकाच्या आराखड्यात ही खबरदारी नाही.—संपादक