अरब शिबंदी, खानदेशातील
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशातील किल्ल्यांवर व गढ्यांवर चाकरीस असलेले भाडोत्री अरब सैन्य.

उगम : मुख्यतः दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत व येमेन, आगमन समुद्रमार्गे.

वैशिष्ट्ये : तुकडीवर जमादार; हत्यारे तोड्याची बंदूक व कमरेचा जंबिया; तटबंदी लढविण्यात निष्णात; पगार इतर शिपायांहून अधिक (पहा : शिबंदी).

महत्त्व : तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस थाळनेर (२७ फेब्रुवारी १८१८) व त्या वेळी खानदेशात मोडणारे मालेगाव (मे-जून १८१८) येथे अरबांनी कंपनीच्या फौजेशी झुंज दिली (पहा : थाळनेर, मालेगावचा किल्ला, ब्रिग्ज, जॉन). अली जमादाराच्या ताब्यातील अमळनेर नोव्हेंबर १८१८ मध्ये शरण आले.