लघवीवर ताबा

एडविन स्मिथच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन इजिप्तच्या पपायरसात मानेचा मणका सरकलेल्या एका माणसाची नोंद आहे. त्याला हातापायांची जाणीव नाही आणि लघवी नकळत ठिबकते. वैद्याचा निकाल असा की, यावर उपचार नाही. हा निकाल पुढे साडेतीन हजार वर्षं टिकला. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनी किंवा तुंबलेल्या लघवीच्या संसर्गाने दगावले.

नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी 1944 पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेविलमध्ये असे रुग्ण जगवून दाखवले. माणसं जगली, पण ओल्या कपड्यांची भीती राहिलीच. त्या भीतीपायी मशीद, लग्नकार्य, एसटीचा प्रवास सोडलेली माणसं आपल्याही आसपास असतात. ती बोलत नाहीत, एवढंच.

लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांना विजेनं मूत्राशय चालवायचं होतं. अडचण अशी की, कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या ज्या मज्जामुळांतून मूत्राशयाला आवळण्याचा संदेश जातो, त्यांतूनच तोंडाशी असलेल्या झडपेच्या स्नायूलाही जातो. वीज दिली की दोन्ही आवळतात, थेंब बाहेर येत नाही. पण झडपेचा स्नायू चटकन आवळतो आणि चटकन सैल पडतो. मूत्राशयाचा सावकाश आवळतो, सावकाश सुटतो. म्हणून ब्रिंडली यांनी वीज थांबून थांबून दिली. मधल्या प्रत्येक विश्रांतीत झडप उघडते, मूत्राशय मात्र अजून दाबतच असतं, आणि धार सुटते. शरीराचा आळस असा कामाला लावणं मला फार आवडतं. आधी बबून माकडांवर प्रयोग झाले, मग 1978 मध्ये माणसावर ते यशस्वी झालं. बाहेरून यंत्र धरायचं, कळ दाबायची.

किंमत मात्र होती. अवेळी होणारी गळती थांबावी म्हणून संवेदना नेणारी मागची मुळं बहुधा कापली जात. त्यासोबत पुरुषांचं प्रतिक्षिप्त ताठरपण जाई, उरलीसुरली जाणीवही जाई. दरम्यान 1972 मध्ये अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी दाखवलं होतं की रुग्णाने ठरावीक वेळी स्वतःच स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं केलं तरी भागतं. स्वस्त, आणि काही न कापता! बहुतेकांनी नळीच निवडली.

2004 मध्ये अमेरिकेतल्या संशोधक किम अँडरसन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या 681 जणांना विचारलं, आधी काय परत हवं? त्या स्वतःही अशाच इजेसह जगणाऱ्या. फक्त पाय गेलेल्यांनी सर्वांत वर लैंगिक क्षमता ठेवली, चालणं नव्हे.