मत पालटण्याचें गणित

इंग्लंडांतील टनब्रिज वेल्स येथील धर्मोपदेशक थॉमस बेझ १७६१ सालीं वारले, तेव्हां त्यांच्या कागदपत्रांत एक अप्रकाशित निबंध सांपडला. त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनीं तो रॉयल सोसायटीकडे धाडला व २३ डिसेंबर १७६३ रोजीं तो तेथें वाचण्यांत आला. प्राइस यांनीं त्यास एक दृष्टांत जोडला. जगांत नुकताच आलेला मनुष्य सूर्य उगवतांना पाहतो. प्रत्येक उदयागणिक ‘उद्यांहि तो उगवेल’ हा त्याचा भरंवसा वाढतो, परंतु पूर्ण निश्चय मात्र कधींच होत नाहीं.

माणसें खरोखर अशीं वागतात काय? मिशिगन विद्यापीठांतील वॉर्ड एडवर्ड्‌स यांनीं १९६८ सालीं याचें उत्तर पिशव्यांच्या साह्यानें मांडलें. एका पिशवींत ७०० तांबड्या व ३०० निळ्या चकत्या. दुसरींत नेमकें उलट. न पाहतां एक पिशवी उचलावी, तींतून एकेक चकती काढून परत टाकावी. १२ वेळां काढतां ८ तांबड्या व ४ निळ्या निघाल्या. तर ही तांबड्यांची पिशवी असण्याचा संभव किती? बहुतेकांचें उत्तर शेंकडा ७० ते ८०. गणिताचें उत्तर शेंकडा ९७! कारण ४ निळ्यांनीं ४ तांबड्यांचा पुरावा खोडला, तरी ४ तांबड्या उरतात. त्यांतील प्रत्येक चकती पारडें सव्वादोन पटींहून अधिक झुकविते आणि चौघी मिळून सुमारें तीसपट. लोक मत बदलतात तें योग्य दिशेनेंच, पण हात आंखडून. घरांतील वडीलधाऱ्यांस यांत नवल वाटूं नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांस हाच प्रश्न निराळ्या वाटेनें भेटला. १९७९ सालीं जॉन डॉइल यांनीं यंत्रांतील प्रत्येक मताजवळ त्याचें कारण टिपून ठेवण्याची योजना मांडली. कारण ढांसळलें कीं त्यावर उभीं असलेलीं मतेंहि मागें घ्यावयाचीं. जुडिया पर्ल यांनीं १९८८ च्या ग्रंथांत संभवांचें जाळेंच विणून दाखविलें. त्यांचें एक उदाहरण रेडिओच्या श्रोत्यांस विशेष रुचेल. घरापासून दूर असलेल्या गृहस्थास शेजाऱ्याचा निरोप येतो कीं, घरांतील धोक्याची घंटा वाजत आहे. त्यास चोरीचा संशय येतो. घराकडे धांवत असतां रेडिओवर भूकंपाचें वृत्त कानीं पडतें. भूकंपानेंहि ती घंटा वाजूं शकते. चोर आला नाहीं असा कांहींएक पुरावा मिळालेला नसतां संशय मात्र ओसरतो. ‘घंटा वाजली, तर चोर आला’ एवढाच नियम घोकलेल्या यंत्रास ही माघार जमत नसे. पर्ल यांच्या जाळ्यास ती जमली.